खडकी ते बेळगाव: माजी सैनिकांसाठीच्या एका सायकलफेरीचा प्रकरण अभ्यास

माजी सैनिकांसाठी सायकलफेरी काढायची म्हटलं की पहिल्या बैठकीत जर्सीचा रंग ठरतो आणि दुसरीत पाहुणे. फेरीमुळे नेमकं कुणाचं काय काम होणार, हा विषय तिसऱ्या बैठकीपर्यंत कुणी काढत नाही. या प्रकरणात तो विषय आधी घेतला आहे आणि त्याच्या मागून रस्ता, वेळापत्रक, सायकली आणि पैसा कसा बदलत गेला ते मांडलं आहे. गट नमुन्याचा आहे, कुणा एका मोहिमेचा अहवाल नव्हे. रस्ता, घाट, कार्यालयं आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत.

गटात बारा स्वार. आठ साध्या सायकलींवर. एक माजी नायक (हा लष्करातला हुद्दा) हँडसायकलवर, म्हणजे हातानं चालवायच्या तीनचाकी सायकलवर. छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा, छातीपासून खाली संवेदना नाही. एक हवालदार, डावा पाय गुडघ्याखालून कृत्रिम, हायब्रिड सायकलवर. शेवटची दोघं टँडेमवर, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर, मागच्या सीटवर दृष्टी गेलेले सुभेदार. सोबत एक पिकअप, एक मोटार आणि सहा माणसं: दोन चालक, मेकॅनिक, परिचारक आणि दोन 'कागदवाले'. कागदवाल्यांचं काम पुढे येईल. फेरीतली सगळ्यात महत्त्वाची माणसं तीच.

पहिला आराखडा आणि तो का टिकत नाही

पहिला आराखडा असा होता: पुणे ते बेळगाव ३४० किलोमीटर, चार दिवस, रोज ८५. वाटेत सोळा गावांत स्वागत, ७ डिसेंबरला म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिनी बेळगावात समारोप, निधी पाच लाख.

याचं गणित करून पाहू. गटाचा वेग हँडसायकल ठरवते. सपाटीवर तिचा वेग सरासरी १४ धरला तर ८५ किलोमीटरला सहा तास. सोळा स्वागतं, प्रत्येकी ४० मिनिटं (याहून कमी वेळात शाल-श्रीफळ उरकत नाही), म्हणजे दिवसाला १६० मिनिटं. खाणं-पाणी आणि विश्रांतीला दीड तास. एकूण दहा तास दहा मिनिटं. त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. सकाळी सातला निघालेला गट काहीही न बिघडता सव्वापाचला पोचेल. एक पंक्चर किंवा एक लांबलेलं भाषण, आणि अंधार.

त्या महिन्यांत सातारा, सांगली, कोल्हापूरच्या रस्त्यावर अंधार म्हणजे ऊस. गळीत हंगाम सुरू असतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, असलाच तर धुळीनं झाकलेला. उसाची कांडी रस्त्यावर पडलेली. सायकलच्या पुढच्या चाकाखाली ती आली की हॅंडल हातातून जातं. हँडसायकलवरच्या माणसाचं डोकं ट्रकच्या बॉनेटपेक्षा खाली असतं. साडेचारनंतर रस्त्यावर राहायचं नाही, हा इथला पहिला नियम.

तारीखही चुकली. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात भरतं. लॉज भरलेले, बंदोबस्त, सीमाप्रश्नावरचे मोर्चे. अशा आठवड्यात एम.एच. पाटीच्या गाड्या आणि फलक घेऊन जाणं म्हणजे विनाकारण चौकशीला सामोरं जाणं. शिवाय बहुतेक निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना नोव्हेंबर. म्हणून फेरी नोव्हेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात सरकली.

हाच रस्ता का

मार्ग निसर्गासाठी निवडलेला नाही. पुणे-बेळगाव महामार्गावर निसर्ग फारसा उरलेलाही नाही. खडकीत १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी. १९१७ साली मुंबईत सुरू होऊन पुढे खडकीतच आलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अपंग सैनिकांना हाताला काम शिकवते. पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. दुसऱ्या टोकाला बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आणि त्याचं अभिलेख कार्यालय, ज्याला फौजी 'रेकॉर्ड' म्हणतो. शरीराची दुरुस्ती एका टोकाला, कागदाची दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या साडेतीनशे किलोमीटरमध्ये ज्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलं भरती झाली ती गावं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. पुढे पेठ नाका; १९६५ च्या युद्धात जखमी झालेले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर या पेठचे.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकावा. बेळगावला गेलं की सगळ्यांची कामं होतात असं नाही. रेकॉर्ड ज्याचं-त्याचं वेगळं असतं. तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलाचं खडकीलाच, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलाचं सिकंदराबादला. गावात तर प्रत्येक पेन्शनीत आलेल्या फौजीला 'मेजर' म्हणतात. तेव्हा कागदवाल्यांच्या नोंदवहीत आधी पलटण, मग हुद्दा, मग सेवाक्रमांक लिहायचा, आणि तो तोंडी न घेता सेवामुक्तीच्या वेळी मिळालेल्या डिस्चार्ज बुकावरून उतरवायचा.

सात दिवस

सुधारित वेळापत्रकात शनिवारी निघायचं, कारण शुक्रवारी दुपारी बेळगावात पोचायचं आहे. रविवारी निघालेला गट शनिवारी पोचतो आणि बंद दारापुढे फोटो काढून परततो.

पहिला दिवस खडकी ते शिरवळ, सुमारे ५५ किलोमीटर. शनिवारी सकाळी महाबळेश्वरची गर्दी सुटते, म्हणून पहाटे साडेपाचला दिवे लावून निघून शहर मागे टाकायचं. अंधारात चालवायचा हा एकच पट्टा, तोही पथदिव्यांखालचा. नव्या बोगद्याऐवजी जुना कात्रज घाट धरायचा. चढ सौम्य आहे, वाहनं कमी. जुन्या बोगद्यात अंधार आणि ओल, तेव्हा पुढे-मागे दिवे हवेतच, आणि पिकअप हँडसायकलच्या मागे १५ मीटरवर, धोक्याचे दिवे लावून.

दुसरा दिवस शिरवळ ते सातारा, ६०. यात खंबाटकी. साताऱ्याकडे जाणारी वाहतूक घाट चढून जाते, पुण्याकडे येणारी बोगद्यातून. त्यामुळे घाटात समोरून वाहन येत नाही, हा मोठा दिलासा. पण डाव्या कडेला ट्रकनं सांडलेलं डिझेल आणि खडी असते. हँडसायकलचा वेग इथे ताशी चार-पाचवर येतो. रविवारी सकाळी नऊच्या आत घाट संपला पाहिजे. सुरूर फाटा ओलांडला की वाईला वळणारी वाहनं कमी होतात.

तिसरा दिवस, सोमवार, सातारा-अपशिंगे-कराड. स्वार सातला निघतात, कागदवाले साडेनऊला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातात आणि दुपारी नागठाण्याच्या पुढे गटाला गाठतात. मंगळवारी कराड ते पेठ फक्त ३२ किलोमीटर. दुपार घरभेटींसाठी मोकळी. बुधवारी पेठ ते कोल्हापूर ४५. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे या पट्ट्यात वळणरस्ते रोज बदलतात. आदल्या दिवशी मोटारीनं जाऊन पाहणं हाच उपाय, नकाशावर विसंबू नये. गुरुवारी कोल्हापूर-कागल-निपाणी-संकेश्वर, ६०. निपाणीनंतर तवंदी घाट दिवसाच्या शेवटी येतो आणि दमलेले खांदे तिथे बोलतात, म्हणून निपाणीत तासभर सक्तीची विश्रांती. शुक्रवारी संकेश्वर ते बेळगाव ५०, त्यात वंटमुरीचा घाट. पहाटे सहाला तयार, उजाडता निघायचं, दीडपर्यंत आत.

हँडसायकल: यंत्र आणि माणूस

यंत्राचं आधी. पुढचं चाक ओढणाऱ्या हँडसायकलचं वजन मागच्या दोन चाकांवर पडतं. चढावर ते आणखी मागे सरकतं आणि पुढचं चाक जागेवर फिरतं. डिझेल सांडलेल्या घाटात हे हमखास होतं. उपाय तीन: पुढच्या टायरची हवा १० पीएसआयनं कमी करणं, स्वारानं छाती पुढे झुकवून हात मारणं, आणि तरीही घसरली तर मागून एका माणसानं आधार देणं. शेवटच्यात कमीपणा नाही, पण ठेलणाऱ्यानं आधी विचारायचं. न विचारता ठेललेली सायकल स्वाराच्या मनगटाला हिसका देते, कारण क्रँक, म्हणजे सायकल चालवायचा दांडा, हातात असतो.

उतारावर उलट. ब्रेक बहुधा पुढच्याच चाकावर असतात आणि सतत दाबून ठेवले की तापतात. थोड्या-थोड्या वेळानं सोडून पुन्हा दाबायचे, आणि घाटाच्या मध्यावर थांबून पार्किंग ब्रेक लावून पाच मिनिटं गार होऊ द्यायचे. मागच्या चाकांना तिरपा कोन असल्यानं टायरची आतली कड लवकर झिजते. ३५० किलोमीटरला दोन जादा टायर आणि चार ट्यूब धराव्यात, त्याही पुण्यातूनच नेलेल्या. कराडच्या दुकानात ७०० सीची ट्यूब कदाचित मिळेल, हँडसायकलच्या मापाची मिळणार नाही. साखळी साध्या सायकलच्या साखळीहून लांब असते, म्हणून दोन साखळ्या, जोडकड्या आणि चेन कटर. दीड मीटर उंच काठीला नारिंगी झेंडी. तिरंगा नको, सात दिवसांत तो धुळीनं मळतो, फाटतो, आणि मग कुणाला खाली काढवत नाही.

आता माणूस. मणक्याची इजा झालेल्या स्वाराला अपघातापेक्षा जास्त धोका बसण्याच्या जागेचा असतो. बूड दुखत नाही, कारण तिथे संवेदना नाही. कातडी मात्र दबते, ओली होते, फाटते. त्यातून होणारा बेडसोर महिनोन्‌महिने खाटेला खिळवतो. दर २० मिनिटांनी हातांवर उचलून वजन काढायचं, दीड-दोन मिनिटं. जेल किंवा हवेची गादी. सकाळी निघताना आणि दुपारी पोचल्यावर आरशानं कातडी बघायची. लालसरपणा अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी तो स्वार मोटारीत. यावर गटात चर्चा नाही, मतदान नाही.

लघवीची पिशवी पूर्ण भरू न देता आधीच रिकामी करायची आणि थांबे कमी व्हावेत म्हणून पाणी तोडायचं नाही. पाणी तोडलं की तिसऱ्या दिवशी ताप, हे ठरलेलं. इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा वर असेल तर एक गोष्ट साऱ्या गटाला ठाऊक हवी: एकाएकी ठणकणारं डोकं, लाल झालेला चेहरा, मानेवर घाम आणि चढलेला रक्तदाब. त्याचं कारण बहुतेक वेळा तुंबलेलं मूत्राशय किंवा मुरगळलेली नळी असते. आडवं करायचं नाही. सरळ बसवायचं, पट्टे सैल करायचे, नळी तपासायची, आणि उतार पडला नाही तर थेट रुग्णालय. 'ऊन लागलं असेल' म्हणून झाडाखाली झोपवणं ही नेमकी उलटी कृती आहे.

थंडीचंही ध्यान ठेवावं लागतं. साताऱ्याची पहाट नोव्हेंबरअखेर चांगलीच गार असते. पायांना थंडी कळत नाही, तशी उष्णताही कळत नाही. शेकोटीजवळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवलेला पाय भाजतो आणि ते सकाळी दिसतं.

मुक्कामाबद्दल एकच सांगणं: आठवडाभर आधी कुणीतरी टेप घेऊन जावं. लॉजवाला फोनवर 'हो, व्हीलचेअर जाते' म्हणतो, आणि न्हाणीघराचं दार दोन फुटांचं निघतं. व्हीलचेअरला कमीत कमी ८० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. मंगल कार्यालय किंवा शाळा असेल तर संडास बहुतेक भारतीय, म्हणून घडीची कमोड खुर्ची पिकअपमध्ये ठेवायचीच. सकाळचा पोट साफ करण्याचा क्रम पाऊण ते एक तास घेतो आणि तो घाईनं होत नाही. सातला निघायचं तर या स्वाराचा दिवस साडेचारला सुरू होतो. रात्री दहापर्यंत त्याच्याभोवती गप्पा मारत बसणारे हे विसरतात. कॅन्टीनची बाटली कौतुकानं पुढे करणारेही विसरतात. दारू, जखमेवरची औषधं आणि कमी पाणी एकत्र आलं की पहाट कठीण जाते.

कृत्रिम पाय आणि टँडेम

हवालदारांचा प्रश्न वेगळा. खुंटाचा आकार दिवसभरात बदलतो. सकाळी घट्ट बसणारं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा खुंट ज्यात बसतो तो भाग, दुपारी सैल होतं आणि घासायला लागतं. म्हणून एक आणि तीन प्लायचे, म्हणजे कमी-जास्त जाडीचे, मोजे खिशात, मोटारीत नव्हे. दर ६० ते ९० मिनिटांनी पाय काढून लायनर (खुंटावरचं मऊ आवरण) पुसायचा, खुंट कोरडा करायचा, सोबतचा दुसरा लायनर चढवायचा. या थांब्यासाठी आडोसा हवा. चहाच्या टपरीवर सगळं गाव गोळा होऊन बघतं, आणि मग माणूस पाय काढायचंच टाळतो. त्यातून फोड येतो. मोटारीचा मागचा दरवाजा उघडून पडदा लावला की काम होतं.

कृत्रिम पावलाला पॅडल कुठे आहे ते कळत नाही. क्लिप लावलेला बूट पडताना सुटत नाही, म्हणून पिना असलेलं सपाट पॅडल आणि ओढ बसली की सुटणारा रुंद व्हेल्क्रो पट्टा. पाऊल बोटांवर न ठेवता मधोमध. गुडघा वर येताना सॉकेटची मागची कड मांडीमागे रुतत असेल तर त्या बाजूचा क्रँक आखूड करावा. सीट वर घेऊन भागवायला गेलं की कंबर डुलते आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरते. फेरीच्या आधी हीच रचना ठेवून तीनदा सलग ५० किलोमीटर झालेले असावेत. नवं सॉकेट घेऊन लगेच लांब फेरीला निघू नये.

टँडेमला लांबी आणि वजन दोन्ही जास्त, त्यामुळे उतारावर ती सगळ्यांच्या पुढे निघून जाते. मागे ३६ स्पोकचं चाक, मोठी डिस्क, टायरमध्ये ८० ते ९० पीएसआय. साध्या सायकलींना ३२ मिलिमीटरच्या टायरवर ६० ते ७० पुरे. पुढच्यानं प्रत्येक गोष्ट बोलून सांगायची: 'खड्डा', 'गिअर', 'सोड', 'थांबतोय'. सुभेदारसाहेबांना आजूबाजूला काय आहे तेही सांगावं, नाहीतर त्यांच्यासाठी फेरी म्हणजे सात दिवसांचा वारा आणि हॉर्न.

फटाके

स्वागताचा भाग फेरीत सर्वाधिक बिघडतो, आणि तो चांगल्या भावनेनं बिघडतो. वेशीवर फटाक्यांची हजाराची माळ लागते, डीजे सुरू होतो, जेसीबीतून फुलं पडतात. ज्यानं गोळाबार अंगावर घेतला आहे त्याच्या शरीराला माळेचा आवाज अजूनही तोच वाटू शकतो. तो हसत उभा असला तरी हात थरथरतो, रात्री झोप लागत नाही, दुसऱ्या दिवशी चिडचिड होते. फुलांच्या पाकळ्या हँडसायकलच्या साखळीत अडकतात, ते वेगळंच. गावाला आधी पत्र द्यावं आणि त्यात तीन ओळी स्पष्ट लिहाव्यात: फटाके नकोत, स्वागत २० मिनिटांचं, भाषण एकच. फेरीचे स्वार व्यासपीठावर बसणार नाहीत. खुर्च्या गावातल्या माजी सैनिकांना, वीरपत्नींना आणि वीरमातांना. सोळा स्वागतांची पाच झाली ती अशी.

'साहेब, लढाईचा एखादा किस्सा सांगा' ही फर्माईश माईकवरून कुणी करू नये. सांगायचं असेल तर माणूस स्वतःहून सांगतो, आणि बहुधा चालत्या सायकलवर, शेजारच्याकडे न बघता. म्हणून सपाट, रिकाम्या सर्व्हिस रोडवर गटानं तासभर जोडीजोडीनं चालवावं. ऐकणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही. झोप उडालेली, पिणं वाढलेलं, 'आता कशाला जगायचं' असं बोलणं कानावर आलं तर मात्र गप्प राहायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक त्याच्यासोबत बसून लावायचा. तिथे मराठीतून बोलता येतं.

जर्सी लष्करी नक्षीची नको. गणवेशासारखे कपडे घालून सैनिक असल्याचा समज करून देणं हा गुन्हा आहे, आणि हेतू तसा नसला तरी खऱ्या फौजीच्या डोळ्यांत ते खुपतं.

कागदवाल्यांचं काम

आता मूळ मुद्दा. प्रत्येक थांब्यावर दोन टेबलं, चार खुर्च्या, एक प्रिंटर, दोन फोन, विजेची बॅटरी. गावात आठवडाभर आधी निरोप: डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), आधार, बँक पासबुक, असल्यास ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड घेऊन या. मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, फोनवर फोटो काढायचे नाहीत. ओटीपी आला तर तो माणसानं स्वतः टाकायचा. फेरीच्या नावाखाली उद्या दुसरा कुणी येऊन पीपीओच्या प्रती मागू शकतो, म्हणून 'आम्ही काहीच नेत नाही' हे मोठ्यानं सांगणंही कामाचाच भाग.

सर्वाधिक येणारं काम हयातीच्या दाखल्याचं. शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्र घेत नाही, म्हणून चेहऱ्यानं ओळख पटवणारं जीवन प्रमाण अॅप वापरावं. उन्हाकडे तोंड करून, टोपी-चष्मा काढून. चूक होते ती पुढच्या खान्यात. निवृत्तिवेतन संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीत गेलेलं असतं, पण वाटप करणारी संस्था म्हणून सवयीनं जुनी बँक निवडली जाते. दाखला बँकेकडे जातो, स्पर्शला पोचत नाही, आणि पेन्शन थांबते. म्हणून मंजुरी देणाऱ्या खान्यात संरक्षण विभागाचं पीसीडीए पेन्शन हे लेखा कार्यालय आणि वाटपाच्या खान्यात स्पर्श, हे दोघांनी मिळून तपासून मगच पुढचं बटण दाबायचं.

दुसरं काम नावांचं, आणि तेच खरं अडतं. पलटणीच्या कागदावर बायकोचं नाव 'सुशिला', आधारवर 'सुशीलाबाई', पासबुकावर आडनाव माहेरचं. नवरा हयात असताना दुरुस्ती करायची तर तो स्वतः सही करू शकतो, साक्ष देऊ शकतो. तो गेल्यावर तीच दुरुस्ती वीस फेऱ्यांची होते. म्हणून टेबलावर आलेल्या प्रत्येक सत्तरीच्या फौजीला पहिला प्रश्न पेन्शनचा नव्हे, 'काकूंचं नाव कागदावर कसं लिहिलंय?' हा विचारावा. फरक सापडला तर अर्ज, प्रतिज्ञापत्र, जोडीचा फोटो, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत ज्याच्या-त्याच्या रेकॉर्डला. मराठा लाइट इन्फंट्रीच्या अर्जांची यादी शुक्रवारी बेळगावात विचारपूस करायला सोबत असते. बाकीच्यांचे अर्ज त्याच संध्याकाळी स्पीड पोस्टानं रवाना.

अपंगत्वाच्या पेन्शनमध्येही जुनी प्रकरणं सापडतात. पात्र प्रकरणांत ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० धरलं जातं, ५० ते ७५ मधलं ७५, त्यावरचं १००. जुन्या पीपीओवर २० किंवा ३० असाच आकडा दिसला तर तेवढ्यावर आशा लावू नये. पात्रता कार्यालय ठरवतं. टेबलावरून द्यायचं ते वचन नव्हे, पावती.

ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. घरच्यांना एक गोष्ट पाठ हवी: आणीबाणीत यादीबाहेरच्या रुग्णालयात न्यावं लागलं तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. ही एक ओळ छापून, फोन नंबरासाठी रिकामी जागा ठेवून, भिंतीवर चिकटवायला दिली तर ती माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

आणि ज्यांना पेन्शनच नाही ते. पंधरा वर्षं पुरी होण्याआधी घरी आलेले, आता पासष्टीच्या पुढचे. हे लोक टेबलापर्यंत येत नाहीत, कारण 'आपलं काय निघणार' हे त्यांनीच ठरवलेलं असतं. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या अशा वृद्धांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं गरजूंसाठीचं अनुदान आहे. त्यांना शोधायला मंगळवारची पेठची दुपार राखून ठेवली आहे. सरपंचाला विचारून यादी मिळत नाही. टपालवाल्याला आणि पारावर बसणाऱ्या जुन्या फौजींना विचारलं की मिळते.

पैसा

अठरा माणसं, सात दिवस, माणशी रोज ९०० रुपये: १,१३,४००. दोन गाड्या परतीसह आठ दिवस, रोजचे ४,५०० प्रत्येकी: ७२,०००. सुटे भाग आणि औषधं २५,०००. एकूण २,१०,४००, ढोबळ अंदाजानं. पाच लाख जमवायचे आणि त्यातून हे भागवायचं म्हटलं तर दर शंभरातले ४२ रुपये फेरीवरच गेले. देणगीदाराला हे कुणी सांगत नाही. सुधारित आराखड्यात फेरीचा खर्च आठ स्वारांनी आणि एका प्रायोजकानं उचलायचा. माजी सैनिक स्वारांकडून काही घ्यायचं नाही. देणग्या वेगळ्या, थेट ध्वजदिन निधीत किंवा ठरलेल्या संस्थेच्या खात्यात.

रस्त्यावर डबा फिरवायचा मोह टाळावा. सार्वजनिक वर्गणीला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ क लागू होतं; गणेश मंडळं धर्मादाय कार्यालयातून दरवर्षी परवानगी काढतात ते हेच. कोगनोळी नाक्याजवळ राज्य बदलतं आणि ती परवानगी तिथे चालत नाही. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिली तर देणगीवरची प्राप्तिकर सवलत मिळत नाही, म्हणून क्यूआर कोड संस्थेच्या नावाचा असावा, गटप्रमुखाच्या नावाचा कधीच नाही.

बेळगावनंतर

शुक्रवारी रात्री हँडसायकलची मागची चाकं काढायची, साखळीला कापड गुंडाळायचं, क्रँक दोरीनं फ्रेमला बांधायचे; सैल सोडले तर पिकअपच्या हिसक्यांनी ते वाकतात. स्वाराला मात्र परतीच्या प्रवासात सलग सात-आठ तास मोटारीत बसवू नये. कराडला उतरवून आडवं करायचं, कातडी बघायची. फेरीत न झालेला बेडसोर परतीच्या सीटवर होतो.

नोंदवहीत अकरा खाने आहेत. शेवटचे तीन असे: अर्ज कुठे पाठवला व पोचपावती क्रमांक, तीस दिवसांनी काय झालं, नव्वद दिवसांनी काय झालं. फेरीचे फोटो पहिल्याच रविवारी सगळीकडे जातात. हे शेवटचे दोन खाने भरायला कागदवाल्यांनी डिसेंबरअखेर आणि फेब्रुवारीअखेर प्रत्येक नावाला फोन करायचा असतो, आणि त्या दोन दिवसांच्या तारखा व जबाबदार माणसाचं नाव वेळापत्रकात पहिल्या दिवसाच्याही वर लिहिलेलं आहे. जिथे उत्तर 'अजून काही नाही' असं येतं तिथे पुन्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, पोचपावतीची प्रत जोडून.